पाणी आलं आणि नाव राहिलं

माझ्या हातातून माईक सुटत नाही असं आमच्या कॉलनीत म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं कारकुनी केली. तिथं मला कुणी तोंड उघडू दिलं नाही, त्याचा सूड निवृत्तीनंतर मी सिडकोतल्या शेजाऱ्यांवर उगवतो आहे. गणपती, कोजागरी, सव्वीस जानेवारी, कुणाची एकसष्टी, सगळीकडं सूत्रसंचालन माझं. एकदा एका शेजाऱ्याच्या तेराव्याला चार शब्द बोलायला उभा राहिलो आणि सवयीनं फोटोकडं हात करून ‘आजच्या कार्यक्रमाचे उत्सवमूर्ती’ म्हणून गेलो. त्या घरातून अजून आमच्याकडं विरजण मागायला कुणी येत नाही.

हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे सांगायचं आहे ते वाचताना मी कसा माणूस आहे ते ठाऊक असलेलं बरं.

उन्हाळ्यात सीमेवर चार दिवस पेटलं होतं. आमच्यापासून ती सीमा कुठल्या कुठं, पण त्या चार दिवसांत कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही कुणी कुणाला मागं हटू देत नव्हतो. अध्यक्ष सगळ्यांत पुढं. अध्यक्ष म्हणजे आमच्या कॉलनीचे. बिडकीनकडची त्यांची जमीन कंपन्यांसाठी गेली, तेव्हापासून इथं बंगला बांधून राहतात आणि हातात वेळ भरपूर. ते सकाळी दात घासायच्या आधी ‘आज आत घुसायचंच’ असं लिहायचे. मग मी तरी मागं कसा राहणार? मी एक व्हिडिओ टाकला. काळ्या आभाळात उजेडाच्या रेघा, खाली एकामागून एक स्फोट. वर लिहिलं, ‘आपल्या जवानांचा पराक्रम. ऊर भरून आला.’ भराभरा हात जोडलेली चित्रं आली. मग समोरच्या घरातल्या इंजिनियर सुनेनं कळवलं, काका, हा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे, डाव्या कोपऱ्यात बघा, गुण दिसताहेत. मी चष्मा लावून बघितलं. दिसत होते. तरी मी दोन तास वाद घातला.

पाचव्या दिवशी सगळं थांबलं आणि ग्रुपवर परत ‘पाणी कधी’ सुरू झालं.

आमच्याकडं नळाला पाणी आठव्या दिवशी येतं. कधी नवव्या, कधी दहाव्या. लाइनमन व्हॉल्व्ह फिरवेल तेव्हा यायचं आणि तासाभरात जायचं. त्या तासात मोटार लावून टाकी भरली तर भरली, नाहीतर पुढचा आठवडा टँकरवाल्याच्या मिनतवाऱ्या. पाहुण्याला ‘या एकदा’ म्हणताना आम्ही मनात पाण्याचा वार मोजतो. माझ्या पुतणीच्या साखरपुड्याचा मुहूर्त भटजींनी काढून दिला होता, तो वहिनींनी पाण्यासाठी पुढं ढकलला, आणि भटजींना त्यात वावगं काही वाटलं नाही. तेही सिडकोतलेच.

जुलैत अध्यक्षांना सुचलं की पंधरा ऑगस्टला एखाद्या माजी सैनिकाचा सत्कार करावा.

“आपल्यात आहे का कुणी?” मी विचारलं.

“मागच्या गल्लीत एक आबा नाहीत का, मुलीकडं राहायला आलेले? एकाहत्तरच्या लढाईत होते म्हणं.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला पाहिजे, पंत? चाल बघा की.”

मला ते पंत म्हणतात. टोमणा आहे हे दोघांनाही माहीत आहे.

आबांची चाल मी रोज बघत होतो. देवगाव रंगारीकडचे, पंच्याहत्तरीच्या आसपासचे, पांढरा सदरा, पायात कॅनव्हासचे बूट. सकाळी कॉलनीला फेरी मारायचे. आमच्या मधल्या मोकळ्या मैदानातून सगळ्यांनी आडवी पायवाट पाडली आहे, दूधवाल्याची मोटारसायकलही तिथूनच जाते. आबा मात्र कधी मातीत पाय टाकायचे नाहीत. डांबरावरून पूर्ण वळसा घालून यायचे, घाई असली तरी. मी कट्ट्यावर बसून म्हणायचो, “मिलिटरीचा माणूस. बूट मळलेला चालत नाही.” लोक हसायचे. मी तो विनोद वर्षभर वापरला.

आम्ही दोघं आमंत्रण द्यायला गेलो तेव्हा आबा आधी नकोच म्हणाले. मुलगी झेडपीच्या शाळेत बाई आहे, तिनं चहा केला. चहा संपेपर्यंत अध्यक्षांनी देशाचं ऋण वगैरे बोलून घेतलं. आबांनी ते ऐकलं, हो का नाही ते कळू दिलं नाही. उठलो. अध्यक्ष गाडीकडं गेले, मी दारात चपला शोधत होतो, तेव्हा आबा मागून आले आणि माझ्या हातात चौघडी घातलेला कागद दिला.

“येतो मी, भाऊसाहेब. शाल-नारळाचं तुमचं तुम्ही काय ते करा. पण एक करा. माझ्या आधी हे नाव घ्या. माईकवरून, मोठ्यानं.”

“कोण हे?”

“संगं होता. अजिंठ्याकडचा.”

“शहीद?”

आबांनी कागदावर बोट ठेवलं. “नाव घ्या. बाकी काय सांगत बसू नका.”

“तुम्हीच घ्या की, आबा. दोन शब्द बोलायचेच आहेत तुम्हाला.”

“मी घेऊन नाय चालायचं. दुसऱ्या कुणीतरी घ्यायला पायजे.” मग म्हणाले, “येवढंच हाय माझं.”

“चिंता सोडा,” मी म्हणालो. “माईक माझ्याकडं म्हणजे घेतलंच समजा.”

तो कागद मी उघडला नाही. विसरलो म्हणून नव्हे. मंचावर उभं राहून, खिशातून कागद काढून, घडी उलगडत, क्षणभर थांबून नाव वाचायचं, यात एक रंगत असते असं मला वाटतं. आधी वाचलं की ती जाते. पंधरा ऑगस्टला घालायचा सदरा इस्त्री करून टांगला होता, त्याच्या खिशात कागद ठेवून दिला.

कार्यक्रमाच्या दिवशी पाण्याची भीती नव्हती. पाणी दुसऱ्या दिवशी यायचं होतं. झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं, बाजूच्या टेबलावर जिलेबीचे पुडे मांडले होते आणि त्यांवरच्या माशा वारायला एक बाई उभी होती. मैदानाच्या टोकाला झेंड्यापुढं फरशी घातली आहे, तिच्यावरच्या खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या. आबा मैदानाच्या कडेनं, फरशीवरून, वळसा घालून आले आणि पहिल्या रांगेत बसले.

आता खरं तर आधी नाव घ्यायचं. आबांनी तसंच सांगितलं होतं, माझ्या आधी. पण माईक हातात आल्यावर मला वाटलं, आधी आबांचा परिचय करून द्यावा, टाळ्या होऊ द्याव्यात, वातावरण तापावं, आणि मग हळूच कागद काढावा. परिचयाला माझ्याकडं माहिती किती? सतरा वर्षं सैन्यात होते, एकाहत्तरला सीमेवर होते, एवढीच. बाकीचं मी घातलं. गोळ्यांचा पाऊस घातला. बर्फ घातला. एक टेकडी घातली आणि आबांना तिच्यावर चढवायला सुरुवात केली. आबा माझ्याकडं बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. शाळेच्या तपासणीला आलेले साहेब कसे बघतात, तसे.

आबा टेकडीच्या निम्म्यावर असतील, तेव्हा तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. मग तिच्या शेजारची. मला वाटलं, जिलेबी. मग गल्लीतून मोटारीची पहिली घरघर ऐकू आली, तिच्या मागं दुसरी, आणि माझ्या खिशात फोन थरथरायला लागला. बायकोचा होता. ती आमच्याकडं पाण्याची घंटा आहे.

खुर्च्या मागं सरकल्याचे आवाज आले. कुणी पळालं नाही, तेवढी सभ्यता आमच्यात आहे. भराभर चालत गेले. अध्यक्ष शाल उलगडत माझ्या कानाशी आले.

“पंत, पाणी सोडलंय. एक दिवस आधीच. आवरा.”

त्यांनी शाल आबांच्या खांद्यावर टाकली, नारळ मांडीवर ठेवला, फोटोसाठी एकदा वळून बघितलं. फोटो काढणारा पाण्याला गेला होता.

“सगळी नावं झाली ना?” त्यांनी जाता जाता विचारलं. आभाराची यादी त्यांच्या मनात असणार. मंडपवाला, जिलेबीवाला, नगरसेवक.

“झाली,” मी म्हणालो.

माईक खुर्चीवर ठेवला आणि घरी आलो. ‘आलो’ हा शब्द सौम्य आहे.

मोटारीत हवा धरली होती. तिला पाणी पाजून चालू करेपर्यंत बायको डोक्यावर उभी होती. “अहो, तुमचं भाषण काय आठ दिवस प्यायला पुरणार आहे का?” ती म्हणाली. मी गच्चीवर गेलो. टाकीचं झाकण काढून वाकून बघितलं, पाईपची धार नीट पडत नव्हती म्हणून हात घातला, सदरा छातीपर्यंत भिजला. आणि छातीला काहीतरी गार चिकटलं.

कागद होता. उघडला. आबांनी शाईच्या पेननं लिहिलं होतं. निळा ढग झाला होता, त्यात एका आकड्याचं शेपूट आणि एक वेलांटी.

गच्चीवरून मैदान दिसतं. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि पहिल्या रांगेत आबा बसलेले होते. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, समोर खुर्चीवर ठेवलेला माईक. कार्यक्रम संपलाय असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मंडपवाला मागच्या बाजूनं खुर्च्या एकात एक घालत पुढं येत होता.

मी त्या वेळी खाली पळत जायला हवं होतं. निदान वरून हाक मारायची. मला ते कळत होतं, आणि मी टाकीत बघितलं. वीतभर बाकी होती. परत मैदानाकडं बघितलं. आबा बसलेलेच. परत टाकीत. असं बराच वेळ चाललं होतं. मनात काही येत नव्हतं. वाईट वाटतंय का म्हणून मी स्वतःला चाचपूनसुद्धा बघितलं, दात काढल्यावर जीभ त्या जागी जाते तसं. नुसतं बधिर. मंडपवाला पहिल्या रांगेपर्यंत पोचला, काहीतरी बोलला, तेव्हा आबा उठले. नारळ एका हातात धरून, फरशीवरून, वळसा घालून गेले.

टाकी भरली. मी मोटार बंद करायला खाली गेलो.

दुपारी जिलेबीचा पुडा घेऊन आबांकडं गेलो. रिकाम्या हातानं माफी मागायची सवय नाही. दार मुलीनं उघडलं आणि आत बोट दाखवलं. नारळ टीव्हीच्या शेजारी होता. शाल घडी घालून खुर्चीवर. तिच्या कोपऱ्यावर चहाचा डाग दिसला आणि मी ओळखली. दोन वर्षांपूर्वी ती मलाच दिली होती, ‘उत्कृष्ट सूत्रसंचालक’ म्हणून. मी एकदा पांघरून चहा सांडला आणि पुढच्या सत्काराला होईल म्हणून अध्यक्षांकडं परत दिली होती. आमच्याकडं शाली अशाच फिरतात.

“आबा, चुकलं,” मी म्हणालो.

“पाणी आलं होतं,” ते म्हणाले. “आमी बी भरलं नंतर. थोडं घावलं.”

“तुम्ही बसून राहिलात.”

“मला वाटलं, पाणी भरून येतेत परत. नाव ऱ्हायलं होतं ना. मंग तो मंडपवाला म्हणला, चाचा, कुर्सी लेनी है. तवा उठलो.”

मी पुडा तिपाईवर ठेवला. “नाव सांगता का? कागद भिजला.”

“भिजायच्या आदी वाचला व्हता का?”

मी आयुष्यभर अशा जागी सफाईनं खोटं बोललो आहे. खात्यात फाईल हरवली की कशी हरवली हे मी इतकं सुंदर सांगायचो की साहेब मलाच धीर द्यायचे. त्या दिवशी जमलं नाही. “नाही,” मी म्हणालो.

आबांनी मान हलवली. रागावले असं वाटलं नाही. मग ते बोलले, मी काही न विचारता. त्यांच्या मुलीनंही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण ती स्वयंपाकघराच्या दारात आली ती तिथंच उभी राहिली.

“तुम्ही ते टेकडीचं सांगत व्हता. टेकडी-बिकडी काय नव्हती, भाऊसाहेब. समदं सपाट रान. आमचं काम सुरुंगाचं. लढाई लागायच्या आदी आमी हद्दीच्या कडंला सुरुंग पेरले. पेरलेच म्हणायचं, कुणाच्या तरी गव्हाचं रान व्हतं ते. आमी बी शेतकऱ्याचीच पोरं, दोरी धरायची, खड्डा घ्यायचा, ठिवायचा, झाकायचा. रांगेरांगेचा नकाशा करायचा.”

“मग तिथून शत्रू आला?”

“कुणी आलंच नाय त्या बाजूनं. लढाई व्हायची ती दुसरीकडं झाली. चौदा दिवसांत संपली बी. मंग हुकूम आला, काढा. काढायला महिने गेले.”

“म्हणजे एकही उपयोगाला आला नाही?”

आबांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आपण काहीतरी वाईट विचारलं, पण काय ते कळलं नाही.

“एका रांगेचा नकाशा माझ्याकडं व्हता. एक काढला की एक फुली. समद्या फुल्या झाल्या. तो अजिंठ्याचा पलीकडं व्हता, चहाची येळ झाली व्हती, आन वळसा लई मोठा. तिथून वरडला, झाली का रे रांग? मी म्हणलं, झाली. तो रानातनं आडवा निघाला.” आबांनी हात गुडघ्यावर सरळ ठेवले. “झालीच व्हती. कागदावर झालीच व्हती. मधी पाऊस झाला व्हता. एक सरकला आसंल.”

बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं. ती चालू होईना.

“त्याच्या गावात पाटी हाय, लढाईत गेलेल्यांची. तिच्यात त्याचं नाव नाय. लढाई संपली व्हती ना. आई व्हती तवर ती घ्यायची नाव. मी घेतो रोज. पण माझ्या घेण्याला काय आर्थ हाय?”

“त्या रानात आता काय आहे?”

“गहू आसंल. तवा बी गहूच व्हता.”

‘सगळी नावं झाली ना’ असं सकाळी मला विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, ते मी आबांना सांगितलं नाही. ते मैदानातून का जात नाहीत हेही कधीतरी गमतीत विचारायचं माझ्या मनात होतं. ते आता राहिलं.

आबांनी नाव सांगितलं. आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, वडलांचं नाव, आडनाव, एका दमात, हजेरी द्यावी तसं. मी त्यांच्यासमोर चारदा म्हणून दाखवलं. दोनदा नंबर चुकला, त्यांनी दुरुस्त केला. “सव्वीस जानेवारीला घेतो,” मी म्हणालो. “बघा,” आबा म्हणाले. घरी येताना वाटेत मी ते म्हणत होतो, आणि मैदानाच्या कडेला आल्यावर पाय आपोआप पायवाटेकडं वळले. थांबलो. मग डांबरावरून गेलो. त्यानं कुणाचं काही भलं झालं नाही, चार मिनिटं उशीर झाला.

सव्वीस जानेवारीपर्यंत साडेपाच महिने होते. आणि मला आमची कॉलनी माहीत आहे, थंडीत झेंड्याला वीस माणसं जमत नाहीत. न चुकता सगळं घरदार दारात येतं ते एकाच गोष्टीला.

नवव्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी आलं. मी बायकोला म्हणालो, “मोटार तू बघ.” तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मला ताप आहे का ते तपासायला हवं. कॉलनीचा चाकांचा स्पीकर माझ्याच घरात असतो. तो ओढत मागच्या गल्लीत गेलो. दारोदारी माणसं, हातात पाईप, बादल्या, कुणी गाडी धुतंय, कुणी शेजाऱ्यावर ओरडतंय की तुझी मोटार माझं पाणी ओढते. अध्यक्षही बहिणीकडं आले होते, तिच्या टाकीवर लक्ष ठेवायला. आबा आपल्या दारात, पाईप हौदात सोडून उभे होते.

मी माईक चालू केला. प्रास्ताविक केलं नाही. नंबर म्हटला, हुद्दा म्हटला, नाव म्हटलं. गल्लीतल्या झाडून सगळ्या मोटारी चालू होत्या. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. म्हणून परत म्हटलं, जास्त मोठ्यानं.

“काय म्हणतात हो पंत?” अध्यक्षांची बहीण गच्चीवरून ओरडली. “पाणी जाणार आहे का?”

“कुणाचं तरी नाव घेताहेत,” अध्यक्ष म्हणाले. “कुणाचं, पंत?”

ते नाव मी इथं लिहीत नाही. आबांनी ते मोठ्यानं घ्यायला सांगितलं होतं, लिहायला नाही, आणि जे सांगितलं नाही ते मी आधीच पुष्कळ केलं आहे.

आबांनी वाकून आपली मोटार बंद केली. नवव्या दिवसाचं पाणी, हौद अर्धासुद्धा भरला नसेल, आतून मुलगी “बाबा, काय झालं?” म्हणून बाहेर आली. त्यांनी तिला हातानं थांबवलं आणि माझ्याकडं तोंड करून सरळ उभे राहिले. मी तिसऱ्यांदा म्हटलं. या वेळी नंबर चुकला नाही.

मग ते खाली वाकले आणि मोटार परत चालू केली.